सावलीत बसा, मॅडम

घरबांधणीच्या धंद्यात पडायचं म्हणताय, तेही सांगलीत? मग या धंद्यात बायकांना कुणी थारा देत नाही, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. विश्रामबागेपासून कुपवाडपर्यंत कुठल्याही साइटवर सकाळी जाऊन बघा. वाळू चाळायला बाई, विटा वाहायला बाई, स्लॅबवर पाणी मारायला बाई. परीक्षा नाही, मुलाखत नाही. डोक्यावर चुंबळ ठेवली की नेमणूक पक्की. बढतीचं तेवढं विचारू नका. काल बिगारी म्हणून आलेला पोरगा चार वर्षांत थापी धरून गवंडी होतो आणि त्याच्या हाताखाली माल देणारी मावशी वीस वर्षांनीही मालच देत असते. भरलेलं घमेलं तिला पेलतं. भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा पेलणार नाही, अशी सगळ्यांना मनापासून काळजी. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा १९७६ मध्येच आला. त्यावर मुकादमाचा तोडगा एवढाच, की हजेरीच्या वहीत ‘गडी’ आणि ‘बाई’ असे दोन रकाने पाडायचे. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नाव घालायला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मागायला गेलं की ठेकेदाराचं पेन नेमकं घरी राहिलेलं असतं.

तुम्ही मात्र शिकलेल्या. वालचंद कॉलेजमधून सिव्हिल इंजिनिअरिंग करून आलात, म्हणजे तुमची जागा घमेल्याखाली नाही, खुर्चीत. साइटवर पाऊल टाकलंत की कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची लिंबाखाली आणून ठेवील. “मॅडम, सावलीत बसा. काय लागलं तर आमी हाय की.” बसा. पाणी मात्र बेतानं प्या. शंभर माणसांच्या साइटवरसुद्धा बायकांसाठी संडास कुठं आहे, हे विचारलं की सगळे एकमेकांकडं बघतात. या खुर्चीची खुबी अशी, की तिथून गेटवरचा बोर्ड स्पष्ट दिसतो आणि स्लॅब अजिबात दिसत नाही.

स्लॅबच्या दिवशी तर शिडीच्या वाटेलाच जाऊ नका. मिक्सरपाशी पाणी मोजायचा मोह होतो. एम-२० प्रतीचं काँक्रीट, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३ नं कालवताना सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला पाणी जास्तीत जास्त ३० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असेल तर आणखी कमी. तिसरी बादली ‘माल जरा सुटावा’ म्हणून पडते. सुटतोही. फार न रेटता पसरतो, सगळे खूश. जादाचं पाणी पुढं उडून जातं, त्याच्या जागी बारीक भोकं राहतात आणि ताकद जाते. ती गेल्याचं कळणार २८ दिवसांनी क्यूब, म्हणजे त्याच मालाचे नमुन्याला भरून ठेवलेले ठोकळे, फोडल्यावर. आणि क्यूब भरलेच नसतील तर कळायचा त्रासही वाचला.

वर चढलातच, तर निदान सळईकडं बघू नका. स्लॅबच्या सळईखाली २० मिमीचा कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई उचलून धरणारा ठोकळा, हवा. तिथं खडीचा तुकडा सरकवलेला असतो किंवा तोही नसतो. सळई सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, पत्र्याला टेकते, पुढं गंजून फुगते आणि छताचे पोपडे जेवणाच्या ताटात पडू लागतात. त्यातही छज्जा आणि बाल्कनी बघू नका, रात्रीची झोप जाईल. छज्जा एका बाजूनं अधांतरी, म्हणून ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळईही वरच लागते. फिटर ती वर बांधतोही. मग त्याच सळईवरून घमेली घेऊन माणसं ये-जा करतात, खाली सळई वर उचलून धरणाऱ्या लोखंडी चेअर लावलेल्या नसतात, आणि काँक्रीट पडेपर्यंत सळई तळाला जाऊन बसते. बिलात सळई पुरेपूर, छज्ज्यातही पुरेपूर, फक्त जागा चुकलेली. सेंट्रिंग काढलं की छज्जा नमस्काराला वाकतो.

कॉलमच्या उभ्या सळयांना बांधून धरणाऱ्या रिंगचं तसंच. तिच्या टोकाचा हूक १३५ अंशांत आत वळवायचा. ९० अंशांवर सोडला तर हिसका बसल्यावर रिंग उघडते. आपल्याला कोयनेचा शेजार आहे, १९६७ चा भूकंपाचा डिसेंबर म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. पण मिस्त्रीला हे सांगायला जाल तर उत्तर तयार असतं : “पंचवीस वर्सं झाली मॅडम, आपला एकबी स्लॅब पडला न्हाई.” पडलेल्या स्लॅबपाशी तो मिस्त्री पुन्हा दिसत नसल्यामुळं हे म्हणणं खोडता येत नाही. तरीही एखादी दुरुस्ती करून घ्यायचीच असेल, तर वाक्याच्या शेवटी ‘असं साहेब म्हणाले’ जोडा. साहेब अस्तित्वात असण्याची गरज नाही. हे वाक्य सिमेंटपेक्षा लवकर सेट होतं.

पायाचं काय, असं विचारू नका. सांगलीची काळी माती ऊस पिकवायला सोनं. घराला मात्र पावसाळ्यात फुगून वर रेटते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. शहाण्यानं खोदत मुरमापर्यंत जावं, नाहीतर तळाशी फुगीर असे अंडर-रीम्ड पाइल घ्यावेत आणि प्लिंथमध्ये, म्हणजे जोत्यात, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरानं पाणी मारून, ठोकून धुम्मस करावा. पण जमिनीत गेलेला पैसा गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही. बाथरूमच्या टाइल्स दाखवता येतात. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली की पुट्टी भरा. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भरा.

एवढं सगळं झेपत नसेल, तर विक्रीला बसा. गिऱ्हाईक आलं की बिल्डर आतून ओरडतो, “मॅडम बोलतील.” बोला. कार्पेट, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायची जागा, सोडून बाकी सगळ्या एरियाबद्दल बोला. नोंदणीकृत करार न करता १० टक्क्यांवर रक्कम घ्यायला रेरा या घरविक्रीच्या कायद्यानं मनाई केली आहे, हे गिऱ्हाइकानं विचारल्याशिवाय आठवू नका. पाणी येतं का, असं कुणी विचारलंच, तर ते नळाचं समजून उत्तर द्या. आयर्विन पुलाजवळ नदीला ४० फुटांना पुराचा इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून असेल, म्हणून गिऱ्हाइकाला दुसऱ्या रस्त्यानं आणा. पाणी कुठवर चढतं ते दाखवणारा निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा असतो. तो ज्यानं मागितला, त्याला परत फोन करू नका.

जमिनीच्या व्यवहारात तुमचा उपयोग आणखी नाजूक. सातबारा उघडलात की ‘इतर अधिकार’ या रकान्यावरून नजर पटकन पुढं न्या. बहुतेक वेळा तिथं बहिणी बसलेल्या असतात. भाऊ सांगतो, “त्यांचं काय न्हाई, साडीचोळी केलीया.” साडीचोळीची नोंदणी दुय्यम निबंधकाकडं होत नाही, हक्कसोडपत्राची होते. ते नसेल आणि तरी व्यवहार केलात, तर इमारत दुसऱ्या मजल्यावर आल्यावर एखादी आत्या वकील घेऊन येईल. पण आत्यांना भेटायला सांगणारी बाई या धंद्यात आगाऊ ठरते.

राहता राहिला सर्वांत मानाचा मार्ग : मालकीण व्हा. यासाठी काहीच करावं लागत नाही. घराची खरेदी फक्त बाईच्या नावावर केली की मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट, म्हणून लाखो रुपयांच्या दस्तावर तुमचा अंगठा आणि फोटो. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली, तेव्हा त्या दिवसापुरत्या तुम्ही एकट्या मालक. फर्ममध्येही तुम्ही भागीदार असता. चेकबुक कुठल्या कपाटात आहे, ते मात्र भाऊजींना माहीत. रेराखाली नोंदणी न करता प्रकल्प विकला तर प्रकल्पाच्या खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होतो, आणि ती नोटीस भाऊजींच्या नाही, सही करणाऱ्यांच्या नावानं येते. कागद कुठले ते विचारू नका. पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात, तिथं तिथं सही करत जा.

आणि इतकं सांगूनही वर चढायचंच ठरवलं असेल, तर पर्समधली टेप पाच मीटरची घ्या. आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असलेल्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवस ठेवायचे, त्यापुढं चौदा. आणि सेंट्रिंगवाल्याच्या प्लेटा सहाव्या दिवशी मिरजेच्या साइटवर जायच्या असतात. तीन मीटरची टेप दोनदा लावेपर्यंत त्यानं पहिला टेकू काढलेला असतो.