शेवाळाचं खापर खतावर फोडू नका

प्लांटेड टाकी, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. काचेवर हिरवा थर आला किंवा पानांच्या कडांना काळे केस दिसले, की कुणीतरी तो पुढे पाठवतोच. त्याचा मथितार्थ असा: शेवाळ म्हणजे पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट (खतातली अन्नद्रव्यं) जास्त झालं. खत बंद करा, तीन दिवस टाकी काळ्या कापडाने झाका, सगळं पाणी काढून फिल्टर नळाखाली लख्ख धुवा, काचेला चिकटून शेवाळ खाणारा एक सकर मासा सोडा आणि तरीही भागलं नाही तर औषध टाका. नवखी माणसं हे सगळं मनोभावे करतात. शेवाळ परत येतं, वनस्पती मात्र जातात, आणि कित्येकदा मासेही. म्हणून या सल्ल्यातला एकेक दावा तपासू या.

आधी खताचा, कारण बाकीचे त्याच्याच आधाराने उभे आहेत. त्याचं मूळ तळ्यांच्या अभ्यासात आहे. कॅनडात १९७०च्या दशकात डेव्हिड शिंडलर यांनी एका तलावाचे पडदा लावून दोन भाग केले. दोन्हींत नायट्रोजन आणि कार्बन घातला, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग शेवाळाने हिरवा झाला. उघड्या तलावापुरता हा निष्कर्ष पक्का आहे. सांडपाण्याने पवई आणि रंकाळ्याचं काय होतं ते आपण पाहतोच. १९९०च्या दशकात पॉल सिअर्स आणि केव्हिन कॉन्लिन या दोन हौशी टाकीवाल्यांनी हाच विचार टाकीत आणला: वनस्पतींना बाकी सगळं द्या, फॉस्फेट तेवढं तोडा. पुढे टॉम बार या पाणवनस्पतींच्या अमेरिकी जाणकाराने नेमकं उलट केलं. भरपूर वनस्पती असलेल्या टाक्यांत त्यांनी मुद्दाम नायट्रेट आणि फॉस्फेट घातलं, आणि तेवढ्याने शेवाळ आलं नाही. लिटरमागे १० ते ३० मिलिग्रॅम नायट्रेट आणि १ ते ३ मिलिग्रॅम फॉस्फेट ठेवून आज जगभर असंख्य टाक्या स्वच्छ चालतात.

असं का होतं? शेवाळाची भूक फार लहान असते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून मिळतं तेवढं त्याला पुरतं. खत तोडून तुम्ही त्याला उपाशी मारू शकत नाही. त्याच्या कितीतरी आधी व्हॅलिस्नेरिया आणि लुडविगियासारख्या टाकीतल्या वनस्पती उपाशी मरतात. जुनी पानं पिवळी पडतात, त्यांना बारीक भोकं पडतात, आणि कुजणाऱ्या पानातून झिरपणारं अन्न शेवाळाला आयतं मिळतं. काचेवरच्या, नखानेही न निघणाऱ्या कडक हिरव्या ठिपक्यांवर तर अनेक अनुभवी लोक फॉस्फेट वाढवायला सांगतात. माझाही भर त्यावरच आहे.

या दाव्यात खरं आहे ते एवढंच: विष्ठेतून, कुजण्यातून आणि काही खतांतून येणारा अमोनिया माशांना घातक आहे. म्हणून कोणतं खत, हे बघावंच लागतं. कृषी सेवा केंद्रात मिळणारं १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. ही दोन्ही चालतात. १०० लिटर पाण्यात पहिल्याचा एक ग्रॅम लिटरमागे साधारण ६ मिलिग्रॅम नायट्रेट देतो, दुसऱ्याचा एक ग्रॅम साधारण ७ मिलिग्रॅम फॉस्फेट, म्हणून दुसरं चिमटीनेच घ्यायचं. १९:१९:१९ मात्र टाकीत कधीही नको. त्यात अमोनियम आणि युरिया असतो. द्राक्षबागेला ते चालतं, माशांना नाही.

आता या सल्ल्यात जे नाहीच, ते बघा: प्रकाश. बहुतेक टाक्यांतल्या शेवाळाचं पहिलं कारण तेच असतं, आणि त्याबद्दल अवाक्षर नाही. प्रकाश म्हणजे गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर. तो जितका दाबाल तितका कार्बन आणि तितकं खत वनस्पती मागणार. हवेशी समतोल असलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतो. या गॅसचा सिलिंडर लावलेल्या टाकीत तो २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. सिलिंडर नाही आणि वर महागडा एलईडी दहा-बारा तास पेटलेला, अशा टाकीत वनस्पतींची वाढ अडते आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसलं जातं. लाइट टायमरवर टाका, सलग सहा-सात तास. त्याची तीव्रता कमी करा. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा लावा. सिलिंडर असेल तर गॅस लाइटच्या एक-दोन तास आधी सुरू करा आणि रोज तेवढाच सोडा, कारण त्याच्या चढउतारावर काळ्या केसांचं शेवाळ माजतं.

तीन दिवस अंधार करण्याचा उपाय अगदीच खोटा नाही. पाणीच हिरवं झालं असेल, किंवा निळसर-हिरवी, घाण वासाची बुळबुळीत चादर पसरली असेल, तर त्याचा उपयोग होतो. पण काळे केस तीन दिवसांच्या अंधाराला दाद देत नाहीत. त्यावर फिल्टर थोडा वेळ बंद ठेवून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने थेट त्या जागी सोडतात, लिटरमागे जास्तीत जास्त एक-दीड मिलिलिटर. शेवाळ गुलाबी पडलं की ते मेलं. जुनी, पूर्ण माखलेली पानं सरळ कापा. आणि अंधार संपल्यावर निम्मं पाणी बदला, नाहीतर मेलेलं शेवाळ कुजून अमोनियाच करणार.

फिल्टर नळाखाली धुणं हा या यादीतला सर्वांत घातक भाग. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजवर राहतात, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन नेमकं त्यांनाच मारतं. म्हणजे शेवाळ घालवायला निघालात आणि अमोनिया वाढवून बसलात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. सगळं पाणी एकदम बदलू नका. आठवड्याला ३० ते ५० टक्के, क्लोरीन काढून. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत येणारा तपकिरी थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो. तो पुसत राहा, बहुधा आपोआप जातो.

सकरबद्दल मला कळकळीने सांगायचंय. दुकानात तो बोटाएवढा दिसतो, पण वाढून फूटभराच्या पुढे जातो. मोठा झाल्यावर शेवाळ खाण्यात त्याला फारसा रस उरत नाही. तो झाडं उपटतो आणि ढिगाने विष्ठा करतो. मग लोक त्याला जवळच्या तळ्यात सोडून येतात. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळींपासून आपल्या उजनीपर्यंत जाळ्यांत सापडतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, आणि विकून पैसेही येत नाहीत. शेवाळ खाणारे सोबती हवे असतील तर ओटोसिंक्लस हा छोटा मासा, नेराइट गोगलगायी किंवा अमानो कोळंबी आणा. त्या कोळंबीला तिचं नाव ज्यांच्यावरून मिळालं, त्या ताकाशी अमानो या जपानी टाकी-रचनाकारानेच ती या कामासाठी लोकप्रिय केली. हे जीवही टाकी स्थिरावल्यावरच सोडायचे.

राहिलं औषध. शेवाळाच्या अनेक औषधांत तांबं असतं, आणि कोळंबी-गोगलगायींना ते मारून टाकतं. बुळबुळीत चादरीवर मेडिकलमधून एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या आणून टाकायचीही पद्धत आहे. ती चादर शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर वाढणारे जिवाणू असते, म्हणून गोळी लागू पडते हे खरं. पण ते पाणी पुढे मोरीतून गटारात जातं, आणि माणसांना लागणाऱ्या प्रतिजैविकाला दाद न देणारे जिवाणू तयार व्हायला आपण मदत करतो. तिची गरजही नसते. चादर नळीने ओढून काढा, तळाशी साचलेला गाळ काढा, पाण्याचा प्रवाह त्या कोपऱ्यापर्यंत पोहोचवा, नायट्रेट शून्यावर आलं असेल तर वाढवा, आणि मग ते तीन दिवसांचं काळं कापड खुशाल घाला.