‘युद्धात मुलांचा बळी गेला तर कुणालाच शिक्षा होत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. मुंबईकर गावाला पाठवतात, गाववाले परत मुंबईला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: युद्धात मुलं मरायचीच, त्यासाठी आजवर कुणाला शिक्षा झालेली नाही. ज्या पोराने आपणहून बंदूक उचलली ते पोर राहिलं नाही. साडेसतराव्या वर्षी भरती करणारी आपली फौजही मग गुन्हेगारच म्हणायची. आणि भारताने कुठल्याच करारावर सही केलेली नाही, तेव्हा आपल्याला काय त्याचं?

मी रत्नागिरीत वकिली करते, मुलांची प्रकरणं चालवते. शिकलीसवरलेली माणसं हे पुढे ढकलताहेत याचं वाईट वाटलं, म्हणून लिहितेय.

कुणालाही शिक्षा झाली नाही, हे खोटं आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पहिलावहिला निकालच मुलांबद्दलचा होता. काँगोतला टोळीप्रमुख थॉमस लुबांगा 2012 साली पंधरा वर्षांखालची मुलं लढाईत वापरल्याबद्दल दोषी ठरला. 14 वर्षांची कैद झाली. त्याच वर्षी लायबेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांना सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी 50 वर्षांची शिक्षा सुनावली गेली, आणि त्या गुन्ह्यांत बालसैनिकांचा वापरही होता.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो फ्रँकफुर्टचा खटला. इस्लामिक स्टेटच्या एका इराकी माणसाने यझिदी या अल्पसंख्य समाजातली एक बाई आणि तिची पाच वर्षांची मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली. मुलीने अंथरूण ओलं केलं म्हणून 2015 साली फलुजातल्या रणरणत्या उन्हात त्याने तिला बांधून ठेवलं. ती तिथेच गेली. गुन्हा इराकमधला, आरोपी इराकी, मेलेली मुलगीही इराकी. तरी त्याला ग्रीसमध्ये पकडून जर्मनीत आणलं. आईने कोर्टात साक्ष दिली, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये वंशसंहारासाठी त्याला जन्मठेप झाली. काही गुन्हे इतके भयंकर असतात की ते कुठेही घडले तरी आपल्या कोर्टात चालवायचे, असं त्या देशाने कायद्यातच ठरवलंय.

असे निकाल मोजकेच आहेत, मला मान्य आहे. युक्रेनमधली मुलं बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून मार्च 2023 मध्ये पुतिन यांच्यावर हेगच्या न्यायालयाचं वॉरंट निघालं, ते अजून बजावलं गेलेलं नाही. प्रत्येक मृत्यू गुन्हा ठरतो असंही नाही. मात्र नागरिकांवर जाणूनबुजून केलेला हल्ला, किंवा लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची उघडउघड जास्त हानी होणार हे ठाऊक असून केलेला हल्ला, हा युद्धगुन्हाच. ‘मरायचीच’ या शब्दाखाली हे सगळं झाकलं जातं.

‘आपणहून आला’ हा मुद्दा तर लुबांगाच्या खटल्यातच निकालात निघालाय. जबरदस्तीने ओढलं काय किंवा मूल स्वतः चालत आलं काय, पंधरा वर्षांखालच्याला टोळीत घेतलं की घेणारा गुन्हेगार. मुलाची संमती बचाव म्हणून चालत नाही. माझ्या रोजच्या कामात मला हे पटतं. ज्या पोराचं घर जळालंय, ज्याला दोन घास टोळीतच मिळतात, त्याच्या ‘हो’ला किती किंमत द्यायची? शिवाय गुन्ह्याच्या वेळी अठरा पूर्ण नसलेल्यावर हेगचं न्यायालय खटलाच चालवत नाही. युगांडाचा डॉमिनिक ऑंग्वेन लहानपणी पळवून नेलेला, पुढे त्याच टोळीतला एक कमांडर झाला. मोठेपणी केलेल्या गुन्ह्यांसाठी त्याला 25 वर्षांची शिक्षा झाली. ती ठरवताना न्यायाधीशांनी त्याचं हिरावलेलं बालपण विचारात घेतलं.

आता फौजेच्या भरतीचं. पहाटे समुद्राच्या वाळूत धावणारी आपली पोरं आणि काँगोतली पळवलेली पोरं यांना एका मापाने मोजणं मला संतापजनक वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराला जोडलेल्या, बालसैनिकांविषयीच्या पूरक कराराला भारताने नोव्हेंबर 2005 मध्ये मान्यता दिली, तेव्हा लेखी कळवलंय की भरती झालेल्याला अठरा पूर्ण झाल्यावरच प्रत्यक्ष कारवाईच्या भागात पाठवलं जातं.

म्हणजे ‘कुठल्याच करारावर सही नाही’ हेही गेलं. हेगचं न्यायालय ज्यातून उभं राहिलं त्या रोम करारात भारत नाही, तेवढं खरं. पण बालहक्क करारात आपण 1992 पासून आहोत. 2015 च्या बालन्याय कायद्याचं कलम 83 सांगतं की, केंद्राने जाहीर केलेल्या सशस्त्र गटाने मूल भरती केलं किंवा कशासाठीही वापरलं, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. आणि ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणणाऱ्यांनी आपल्याच आंब्याच्या बागांकडे बघावं. तिथे राखणीला, तोडणीला नेपाळी माणसं असतात. नेपाळमधलं माओवादी युद्ध 2006 साली थांबलं, आणि 2010 मध्ये तिथल्या माओवादी लढवय्यांच्या छावण्यांमधून सुमारे तीन हजार जणांना सोडावं लागलं, कारण पडताळणीत ते अल्पवयीन ठरले होते. उद्या अशा कुठल्या संघर्षातून सुटलेलं मूल इथे आलं, तर आपल्या कायद्याने ते काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक आहे. त्याला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यायचं असतं, आणि 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन कुणीही करू शकतं.