घुमट आडवं पडूनच बघायचा असतो

डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. आधीच सांगते.

आज भाचीला घेऊन टाउन हॉलची जुनी इमारत बघायला गेले होते. आत शहराच्या इतिहासाचं प्रदर्शन लागलंय, जाहिरातीत ठळक अक्षरांत 'सहकुटुंब या'. मधल्या दालनात पोरीने मान वर केली, तिला घुमट दिसला आणि ती सरळ फरशीवर उताणी पडली. "आत्या, इथून सगळा दिसतो!" लगेच सुरक्षारक्षक हजर. "मॅडम, उठवा तिला. ही काय झोपायची जागा आहे?"

अहो, घुमट असतो कशाला? लोकांच्या माना वर व्हाव्यात म्हणूनच ना? बांधणाऱ्याने एवढा खटाटोप केला, सहा वर्षांच्या मुलीला तो बघायची बरोबर पद्धत न शिकवता सापडली, आणि आपण तिला दंडाला धरून उभी केली.

ॲमस्टरडॅमचा टाउन हॉल १६५५ मध्ये सुरू झाला. त्याच्या मोठ्या दालनाच्या संगमरवरी फरशीतच पृथ्वीचे दोन गोलार्ध आणि आकाशाचा नकाशा जडवलेला आहे. दालनाचं नावच नागरिकांचं दालन. पुढे १८०८ मध्ये राजाने त्या इमारतीचा राजवाडा केला ते सोडा, पण आजही लोक त्या नकाशांवरून चालतात. आणि आपल्याकडे? मुंबई महापालिकेचं मुख्यालय १८९३ मध्ये पूर्ण झालं. समोरचं सीएसएमटी बांधणाऱ्या स्टीव्हन्सचंच काम. ते आतून नीट हिंडून बघायला सामान्य माणसासाठी रीतसर सहल सुरू व्हायला २०२१ उजाडलं! तोवर आत जायचं ते अर्ज घेऊन. लंडनमध्ये १९९२ पासून दरवर्षी एरवी बंद असलेल्या कितीतरी इमारती काही दिवस सगळ्यांसाठी फुकट उघडतात. तिथल्या इमारती काही कोसळलेल्या नाहीत.

हो, भिंतींवर नावं कोरणारे महाभाग आपल्यातच आहेत, मान्य. पण सहा वर्षांची मुलगी पाठीवर पडून काय कोरणार होती?

आता राग जरा उतरलाय, म्हणून हेही लिहिते. त्या रक्षकावर माझा राग नाही. दिवसभर उभा असतो बिचारा, बसायला स्टूलही दिसलं नाही. काही झालं तर बोलणी तोच खाणार. 'कोणी काही करू नये' एवढंच त्याला सांगितलं असेल, तर तो तेच करणार. आम्ही निघताना त्यानेच भाचीला हळूच विचारलं, "दिसला का गं पूर्ण?"

राग आहे तो प्रदर्शन मांडणाऱ्यांवर. चित्रं टांगताना मध्य जमिनीपासून १४५-१५० सेंटीमीटरवर ठेवायची सर्वसाधारण पद्धत आहे, म्हणजे उभ्या मोठ्या माणसाच्या नजरेसमोर. सहा वर्षांच्या मुलाची अख्खी उंची ११५ च्या आसपास. मग सहकुटुंब म्हणजे नक्की कोण? दर दोन पावलांवर 'हात लावू नये'. शहराची लाकडी प्रतिकृती आहे, इतकी सुरेख, की माझाच हात शिवशिवला. तीही काचेत. युरोपात बऱ्याच शहरांत अशी ब्राँझची प्रतिकृती भर चौकात ठेवतात, अंधांना बोटांनी शहर कळावं म्हणून, ब्रेलसकट. मुलं त्यावर दिवसभर लोंबकळतात.

सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँक ओपेनहायमरने (होय, अणुबॉम्बवाल्या त्याच ओपेनहायमरचा धाकटा भाऊ) १९६९ मध्ये एक्सप्लोरेटोरियम नावाचं विज्ञान संग्रहालय सुरू केलं, तेही १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या जुन्या वास्तूत. तिथली मांडणीच हाताळण्यासाठी. वस्तू मोडतात, म्हणून दुरुस्तीची कार्यशाळा त्याने तिथेच, येणाऱ्यांना दिसेल अशी ठेवली. मोडणार हे गृहीत धरलं की माणूस मोकळा होतो. आपण मात्र मुलं येणार हेच गृहीत धरत नाही. 'मुलांना त्यातलं काय कळतं' म्हणणाऱ्यांनी आज त्या फरशीवर पडलेल्या पोरीचा चेहरा बघायला हवा होता.

तर, सूचनांचं पत्र लिहून तयार आहे: निम्म्या पाट्या खाली आणा, एक प्रतिकृती काचेबाहेर काढा, रक्षकांना बसायला स्टूल द्या. ते कुठल्या टेबलावर द्यायचं हे कुणाला ठाऊक असेल तर सांगा. तिथल्या खिडकीवर विचारलं, तर त्यांनी मला जन्मदाखल्याच्या रांगेत पाठवलं.