चावलंय तर सांग ना!

झॉम्बीपटात, म्हणजे माणसांना चावत सुटणाऱ्या चालत्या मढ्यांच्या सिनेमात, दर वेळी एकजण असतोच. दंडावर चावा, त्यावर ओढून घेतलेली बाही, आणि कुणी विचारलं तर "काही नाही, खरचटलंय." खरचटलंय काय, कपाळ! अर्ध्या तासात तूही झॉम्बी होऊन शेजारच्याचा गळा फोडणार आहेस!

उघड स्वार्थी माणूस तरी परवडला. २०१६च्या 'ट्रेन टू बुसान'मधला तो कंपनीचा साहेब एकेकाला झॉम्बींच्या तोंडी देत जवळजवळ शेवटापर्यंत तगतो. संताप येतो, पण निदान त्याचं गणित कळतं. बलिदान मात्र ठरलेल्यांच्याच वाट्याला: नुकताच सुधारलेला बाप, नाहीतर सगळ्यांना हसवणारा धिप्पाड गडी. हसवलंस की मेलास.

१९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये तर कहरच. तळघरात लपू म्हणणारा कूपर आपमतलबी, त्याच्याशी भांडणारा बेन नायक. शेवटी बेन रात्र काढतो कुठे? तळघरातच! (आणि मी इतकी वर्षं कूपरला शिव्या घालतोय.) सकाळी बाहेर डोकावतो, तर झॉम्बी मारत फिरणारी माणसंच त्याला गोळी घालतात.

असो. पण तू, कोपऱ्यात घाम पुसत बसलेला, बाही वर कर आधी!