उद्या पेशी आहे

रात्री साडेनऊला भांडी आवरून नुकती कुठे टेकले होते, तेवढ्यात लेकीने जाहीर केलं, "आई, उद्या पेशी आहे."

माझे सासरे नागपूरचे. तिकडे पेशी म्हटलं की कोर्टाची तारीख. नानांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि सरसावून बसले. "कोणत्या कोर्टात? वकील पाहिला काय?"

कोर्ट परवडलं असतं. आठवीच्या विज्ञानात 'पेशी व पेशीअंगके' असा धडा आहे आणि पेशीची प्रतिकृती करून सकाळी शाळेत न्यायची होती. लेकीला हे आठवडाभर माहीत होतं. घरात बातमी फुटली ती आत्ता. भांडुपमधली स्टेशनरीची दुकानं बंद झालेली, सजावटीच्या थर्माकोलवर तर 2018 पासूनच बंदी. उरलं स्वयंपाकघर.

लेक पुस्तक आणि मोबाइल उघडून बसली, मी डबे. "1665. रॉबर्ट हूक. त्याने बुचाची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्यांना त्याने नाव दिलं सेल, म्हणजे छोटी खोली."

मला कौतुक वाटलं ते त्याच्या चाकूचं. पंधरा वर्षं विळीवर काकडी चिरतेय, आरपार दिसेल अशी चकती एकदाही निघाली नाही. वर या गृहस्थाने हिशेब मांडला की एक घन इंच बुचात अशा सव्वाशे कोटींहून जास्त खोल्या बसतात. एवढा एफएसआय मुंबईत अजून कुठल्याच बिल्डरला मिळालेला नाही.

"त्या खोल्यांत होतं काय?" नानांनी विचारलं.

"काहीच नाही. बूच म्हणजे मेलेल्या पेशी. नुसत्या भिंती."

"मग भिंतीच ने की."

नानांचं म्हणणं आम्ही दोघींनी हसण्यावारी नेलं.

वनस्पतीची पेशी करायचं ठरलं, कारण तिला भित्तिका असते आणि आमच्याकडे पेढ्यांचा रिकामा खोका होता. आत प्लास्टिकची पिशवी पसरली, ते प्रद्रव्यपटल. हवं तेवढंच आत सोडायचं, नको ते बाहेर ठेवायचं, हे त्याचं काम. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला अजून जमलेलं नाही. पिशवीत चायना ग्रासची जेली ओतली, ते पेशीद्रव्य. तंतुकणिकांना राजमा. पेशीची ऊर्जा तिथे तयार होते. राजम्याने आणखी काय तयार होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. हरितलवकांना मटार. आंतर्द्रव्यजालिकेला शेवया, आणि ती खडबडीत हवी म्हणून वर खसखस भुरभुरली, ते रायबोझोम. पाणी भरलेला फुगा ही रिक्तिका. आमच्या बाहेरच्या खोलीत दिवाण जेवढी जागा अडवतो, तेवढी वनस्पतीच्या पेशीत ही अडवते. गॉल्गी संकुलापाशी मात्र गाडी अडली. एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या आणायच्या कुठून? शेवटी दुपारची उरलेली पोळी दुमडून कामाला लावली. आणि केंद्रक म्हणून बेसनाचा लाडू.

"1855 मध्ये विरशॉने सांगितलंय," लेक जांभई देत म्हणाली, "पेशी फक्त पेशीपासूनच तयार होते."

"मग तुमच्या बाई माझ्याकडून का करून घेतायत?"

तेव्हा पावणेबारा वाजले होते.

सकाळी उठून बघते तर केंद्रक गायब. जेलीत लाडवाच्या आकाराचा सुबक खड्डा. नानांना डायबेटिस. "रात्री साखर उतरल्यासारखी वाटली," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

लेक रडकुंडीला आली. मी समजूत घातली की केंद्रकाला नाव मिळालं तेच मुळी 1831 मध्ये, रॉबर्ट ब्राउन ऑर्किडच्या पेशी बघत होता तेव्हा. तोवर जगाचं चाललंच ना? पटलं नाही. मग तडजोड सुचवली, "रक्तातली तांबडी पेशी म्हणून दे. तिला केंद्रक नसतं."

"तिला तंतुकणिकाही नसतात. आणि भित्तिका तर प्राण्यांच्या कुठल्याच पेशीला नसते, आई."

खड्ड्यात लिंबू बसवलं आणि निघालो. लेकीची शाळा दादरला, माझं ऑफिसही तिकडेच.

घाटकोपरपर्यंत पेशी जिवंत होती. तिथे मेट्रोची गर्दी डब्यात घुसली. खोका आधी माझ्या छातीशी होता, मग डोक्यावर गेला, मग तिरका झाला. गार जेली बाहीतून कोपरापर्यंत उतरली. फुगा कुणाच्या तरी पदराच्या पिनेला लागला. लिंबू घरंगळत दाराकडे गेलं आणि विद्याविहारला उतरलं. खिडकीशी एक काकू मटार सोलत बसल्या होत्या. आमची हरितलवकं नेमकी त्यांच्या पिशवीत सांडली.

"घ्या ना परत," त्या म्हणाल्या, "पण तुमचे कुठले नि माझे कुठले?"

मागून कुणीतरी विचारलं, "भेळ आहे का ताई?"

दादरला उतरलो तेव्हा माझ्या हातात नुसता खोका होता. फलाटावरच्या बाकड्यावर लेकीने चिकट पिशवी ओढून काढली, खोका रुमालाने आतून स्वच्छ पुसला आणि स्केचपेन काढलं. 'वनस्पती पेशी' खोडून तिने खाली लिहिलं, 'बुचाची पेशी. रॉबर्ट हूक, 1665'.

संध्याकाळी नाना दारातच उभे होते. "काय झालं पेशीचं?"

"सोमवारची तारीख मिळाली," ती बूट काढत म्हणाली. "केंद्रक हजर करायला सांगितलंय."