स्मिथ ‘लेगस्पिनर’ होता, पण कितपत?

‘स्टीव्ह स्मिथ आठव्या क्रमांकावर खेळणारा लेगस्पिनर होता, पुढे अचानक महान फलंदाज झाला.’ ऑस्ट्रेलियाच्या या फलंदाजाच्या दर मोठ्या खेळीनंतर हा मजकूर फिरतो.

आठवा क्रमांक खरा आहे. जुलै 2010 मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानविरुद्ध पदार्पण करताना तो आठवा आला, दुसऱ्या डावात 3 बळीही घेतले. पण महान लेगस्पिनर शेन वॉर्न निवृत्त झाल्यापासून ऑस्ट्रेलिया लेगस्पिनरच्या शोधात होती. क्रमांक संघाच्या गरजेतून ठरला होता, त्याच्या कुवतीवरून नव्हे.

कुवत बघायची तर 2009-10 चा शेफिल्ड शिल्ड (ऑस्ट्रेलियातली देशांतर्गत स्पर्धा) हंगाम बघा: 772 धावा, 4 शतकं, सरासरी 77.20. बळी 21, तेही एका बळीमागे चव्वेचाळीस धावा देऊन. याला गोलंदाज कोण म्हणेल? दुसऱ्याच कसोटीत, हेडिंग्लेला, पहिल्या डावात संघ 88 मध्ये गारद झाल्यावर दुसऱ्या डावात त्याने 77 काढल्या. आडात होतं म्हणून पोहऱ्यात आलं.

‘अचानक’ तर मुळीच नाही. 2010-11 च्या अॅशेसनंतर (इंग्लंडविरुद्धची कसोटी मालिका) तो दोन वर्षं कसोटी संघाबाहेर होता. मार्च 2013 मध्ये मोहालीत परतला तो फलंदाज म्हणून, आणि 92 केल्या. पहिलं शतक त्या ऑगस्टमध्ये, ओव्हलवर.

‘तंत्र चुकीचं, नशीब चांगलं’ ही पुढची पुस्ती. चेंडू सुटण्याआधी तो मागे आणि आडवा सरकतो, डोकं ऑफस्टंपच्या रेषेत आणतो. ही हालचाल 2013-14 च्या अॅशेसमध्ये पर्थला सुरू झाली. फायदा सरळ आहे: डोळ्यांच्या रेषेबाहेरचा चेंडू बिनधास्त सोडायचा, आतला पायांवरून लेगला ढकलायचा. बॅट गलीच्या (ऑफला, स्लिपशेजारच्या क्षेत्ररक्षकाच्या) दिशेने वर जाते, पण चेंडूपर्यंत येताना सरळ होते. बघायचं असतं ते तिथे. 2017 मध्ये पुण्यात, गहुंजेच्या आखाड्यात, भारत 105 आणि 107 मध्ये आटोपला. त्याच खेळपट्टीवर याने 109 केल्या. जीवदानं मिळाली, हे मान्य. पण तसल्या खेळपट्टीवर नुसत्या नशिबावर शतक होत नाही.

उणीव आहेच, फक्त टीकाकार दाखवतात तिथे नाही. इतकं आडवं सरकलं की लेगस्टंप उघडा पडतो. डिसेंबर 2020 मध्ये मेलबर्नला अश्विनने त्याला लेगगलीत (लेगला, पाठीमागच्या बाजूला) पुजाराकडे झेल द्यायला लावलं, दुसऱ्या डावात बुमराने पायांमागून त्रिफळा उडवला. पुढच्याच कसोटीत, सिडनीत, त्याने 131 आणि 81 केल्या.