यकृतातील गाठींवरील जोड-उपचारांबाबत खुलासा
‘धमनी बुजवून सुईने गाठ जाळली की यकृतात पसरलेला कर्करोग मुळासकट जातो, केमोथेरपी लागत नाही’ हा फिरणारा संदेश अर्धाच खरा आहे. अशा गाठींना रक्त मुख्यतः यकृत धमनीतून मिळते, निरोगी यकृताला मात्र बहुतांश पोर्टल शिरेतून (आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणारी शीर). त्यामुळे मांडीतून नेलेल्या बारीक नळीने धमनीची फांदी आधी बुजवली, तर एरवी वाहत्या रक्ताबरोबर निघून जाणारी तापलेल्या सुईची उष्णता गाठीतच टिकते आणि सुईच्या टोकाभोवती जळणारा भाग वाढतो. एकट्या सुईचा भरवसा साधारण 3 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींपुरता असल्याने ही जोडी उपयोगाची आहेच. परंतु शरीरात इतरत्र दडलेल्या सूक्ष्म पेशींपर्यंत दोन्ही उपचार पोहोचत नाहीत, आणि केमोथेरपी असते ती त्यांच्यासाठीही. शिवाय या जोडीचा भक्कम पुरावा प्रामुख्याने यकृतातच उगम पावलेल्या कर्करोगाचा आहे, दुसऱ्या अवयवातून यकृतात पसरलेल्या कर्करोगाचा तितका नाही, हा (मुद्द्याचा!) फरक संदेशात गाळला गेला आहे.